माझ्या बाबांचा डीव्हीडी प्लेअर भंगार नाही

गेल्या दिवाळीत बोनसच्या पैशांतून मी साताऱ्याला घरी एक सराउंड साउंडचा रिसीव्हर, पाच स्पीकर आणि एक सबवूफर घेऊन गेलो. बाबा सहकारी बँकेतून निवृत्त झाले त्याला वर्ष होत आलं होतं आणि संध्याकाळी करायचं काय हा प्रश्न घरात रोज नव्याने पडत होता. मी स्पीकर भिंतीला लावले, वायरी सोफ्यामागून फिरवल्या, मायक्रोफोन मधोमध ठेवून खोलीचं कॅलिब्रेशन केलं. सगळं झाल्यावर विचारलं, काय लावू?

"लगान लाव."

मी मोबाइल हातात घेतला. "तो नको," बाबा म्हणाले. "माझ्याकडे विकत घेतलेला आहे." मग त्यांनी शोकेसच्या खालच्या कप्प्यातून डीव्हीडी प्लेअर बाहेर काढला आणि त्यावरचा आईने विणलेला क्रोशाचा रुमाल घडी करून बाजूला ठेवला.

पुढचे तीन तास मी जमिनीवर पालथा पडून होतो, तोंडात टॉर्च धरून.

प्लेअरच्या पाठीवर जॅकची जत्रा होती. चित्रासाठी पिवळा, स्टिरिओसाठी लाल आणि पांढरा, मग सराउंडचे सहा वेगवेगळे (पुढचे दोन, मागचे दोन, मधला, सबवूफर) आणि कोपऱ्यात एक नारिंगी, त्याखाली लिहिलेलं कोॲक्सियल. आपल्याकडे २००० नंतरच्या दहा वर्षांत विकल्या गेलेल्या बऱ्याच स्वस्त प्लेअरांची पाठ अशीच असायची. रिसीव्हरच्या पाठीवर चार एचडीएमआय, एक चौकोनी ऑप्टिकल, स्टिरिओच्या दोन जोड्या आणि अँटेना. सहा जॅकसमोर सहा जॅक नाहीत. नारिंगीसमोर नारिंगी नाही. दोन्ही बाजू पत्रिका जुळत नसलेल्या सोयऱ्यांसारख्या एकमेकांकडे बघत बसल्या होत्या.

लाल-पांढरी जोडी लावून स्टिरिओ आवाज आला. म्हणजे पाच स्पीकरांचं अवडंबर करून आम्ही दोन चॅनेल ऐकत होतो. रिसीव्हर ज्या दुकानातून घेतला तिथे फोन केला. पलीकडचा मुलगा नम्र होता. "सर, ती जुनी वस्तू आहे, भंगारात द्या आणि नवा प्लेअर घ्या." मग जरा थांबून, "म्हणजे, प्लेअर आता आम्ही ठेवत नाही."

फोन स्पीकरवर होता. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी डिस्क काढली, कव्हरमध्ये ठेवली आणि चहा टाकायला आत गेले.

मला भांडायचंय ते त्या मुलाशी नाही. त्याच्या तोंडी 'भंगार' हा शब्द कुणी घातला, त्यांच्याशी भांडायचंय. तो प्लेअर चालतो. डिस्कवर ओरखडा नाही. रिसीव्हर नवाकोरा आहे आणि त्या डिस्कवरचा डॉल्बी डिजिटल आवाज त्याला उत्तम समजतो. तिन्ही वस्तू ठणठणीत असताना आवाज येत नसेल, तर बिघाड वस्तूंमध्ये नाही. तो कुणीतरी मुद्दाम घेतलेल्या निर्णयांमध्ये आहे.

आधी बाबांविषयी थोडं सांगतो, त्याशिवाय माझा राग कळणार नाही. मी शाळेत होतो तेव्हा स्टँडसमोरच्या टपरीवर कुठलाही सिनेमा पायरेटेड सीडीवर मिळायचा. शुक्रवारी लागलेला रविवारी हजर, प्रेक्षकांच्या खोकल्यासकट. आमच्या आळीत सगळे तिथूनच आणायचे. बाबा आणायचे नाहीत. बँकेत कॅशवर बसलेला माणूस. दुसऱ्याचा पैसा म्हणजे काय हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. त्यांना मिळणाऱ्या पगारात दर महिन्याला एखादी ओरिजिनल डिस्क यायची, कव्हरच्या आतल्या बाजूला बॉलपेनने तारीख आणि किंमत लिहिली जायची. सिनेमे, नाटकांच्या व्हीसीडी, भीमसेन जोशी, किशोरीताई. शंभराच्या वर असतील.

आणि मी? मी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर राहिलो. ज्यांनी हॉस्टेलच्या लॅनवर डीसी प्लस प्लस वापरलंय त्यांना पुढचं सांगायला नको. एक टेराबाइटची हार्ड डिस्क भरून मी पदवी घेऊन बाहेर पडलो. ती हार्ड डिस्क त्याच दिवाळीत मी टीव्हीच्या यूएसबीत खुपसली. पाच स्पीकर एका झटक्यात बोलायला लागले.

चोरलेला माल वाजला. विकत घेतलेला वाजला नाही. वडिलांच्या घरात, वडिलांच्या समोर. ही लाज माझी आहेच, पण ती एकट्या माझी नाही.

आता हे असं का झालं ते बघू. तंत्रज्ञान मुळात सोपं आहे. १९८२ मध्ये सीडी आली आणि डिजिटल आवाज प्लेअरमधून बाहेर काढायला सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी एक पद्धत बसवली, एस/पीडीआयएफ. नावातला एस म्हणजे सोनी आणि पी म्हणजे फिलिप्स. तोच सिग्नल तांब्याच्या तारेतून पाठवला की कोॲक्सियल, आणि लाल प्रकाशाने पाठवला की ऑप्टिकल. ऑप्टिकलचा जोड तोशिबाने आणला म्हणून त्याचं नाव टॉसलिंक. दोन्हींतून जाणारे आकडे तेच. १९९६ मध्ये जपानमध्ये डीव्हीडी आली तेव्हा याच वाटेने डॉल्बी डिजिटलचा ५.१ आवाज दाबून पाठवता येऊ लागला. एक तार, सहा चॅनेल. कुठलं कुलूप नाही, कुठला परवाना तपासणं नाही. प्लेअर बोलतो, रिसीव्हर ऐकतो.

गाडी इथे रुळावरून घसरली. १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी आणि २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ आली. दोन्हींत सीडीपेक्षा कितीतरी जास्त माहिती आणि शिवाय सराउंड. आता हा आवाज डिजिटल स्वरूपात मोकळ्या तारेतून बाहेर सोडला तर लोक त्याची हुबेहूब प्रत काढतील, या भीतीने म्युझिक कंपन्यांना घाम फुटला. मग ठरलं असं, की पूर्ण दर्जाचा आवाज एस/पीडीआयएफमधून सोडायचाच नाही. गिऱ्हाइकाला हवा असेल तर त्याने सहा ॲनालॉग तारा लावाव्यात. म्हणून त्या काळच्या चांगल्या रिसीव्हरांना पाठीमागे सहा जॅकची एक रांग असायची. प्लेअरने डिस्क वाचायची, आकड्यांचा आवाज करायचा आणि तो सहा वेगळ्या तारांतून द्यायचा.

नंतर एचडीएमआय आलं. पहिली आवृत्ती २००२ च्या डिसेंबरमधली. डीव्हीडी-ऑडिओ आणि सुपर ऑडिओ सीडीचा आवाज नेण्याची सोय त्यात टप्प्याटप्प्याने पुढे झाली. एचडीएमआयबरोबर आलं एचडीसीपी नावाचं कुलूप, इंटेलने तयार केलेलं. दोन यंत्रं एकमेकांना किल्ल्या दाखवतात, ओळख पटली तरच चित्र आणि आवाज सोडतात. आता एकाच केबलमध्ये सगळं येतं आणि कुलूपही आहे, मग त्या सहा जॅकची गरज काय? रिसीव्हर बनवणाऱ्यांनी ती रांग हळूहळू काढून टाकली. आज बाजारातल्या बहुतेक रिसीव्हरांवर ती नाही.

जरा हिशोब लावा. ज्याने २००२ मध्ये सुपर ऑडिओ सीडीचा प्लेअर घेतला त्याला सांगितलं गेलं की डिजिटल आवाज देणार नाही, सहा तारा लाव. त्याने लावल्या. वीस वर्षांनी त्याचा रिसीव्हर गेला, नवा आणला, तर म्हणाले सहा तारा घेणार नाही, डिजिटल आण. पहिल्या दाराला कुलूप यांनीच लावलं, दुसरं दार यांनीच बुजवलं, आणि माणूस मधल्या बोळात उभा. माझ्या टीममधल्या एका मैत्रिणीच्या काकांचं नेमकं हेच झालंय. परदेशातून एकेक करून आणलेल्या डिस्क, त्यावर पाच चॅनेलची रेकॉर्डिंग, आणि ते दोन चॅनेल ऐकतायत. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनी पैसे दिले.

ब्लू-रेच्या बाबतीत तर हे कागदावर लिहून केलं. ब्लू-रेच्या कुलपाचा, म्हणजे एएसीएसचा, परवाना घेणाऱ्या प्रत्येक कंपनीवर अट होती: २०१० संपल्यानंतर बनवलेल्या प्लेअरमधून ॲनालॉग वाटेने हाय डेफिनिशन चित्र द्यायचं नाही आणि २०१३ संपल्यानंतर बनवलेल्या प्लेअरमधून या डिस्कचं चित्र ॲनालॉग वाटेने अजिबात द्यायचं नाही. या कलमाला इंग्रजीत गोड नाव आहे, ॲनालॉग सनसेट. सूर्य आपला आपण मावळतो. हा करार करून मावळवला.

आणि इतकं करून कुलपं टिकली का? डीव्हीडीचं कुलूप १९९९ मध्येच फुटलं. नॉर्वेतल्या योन लेख योहानसन नावाच्या शाळकरी वयाच्या मुलाचं नाव त्यात पुढे आलं, त्याच्यावर खटला झाला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. एचडीसीपीची मूळ किल्ली सप्टेंबर २०१० मध्ये इंटरनेटवर आली आणि ती खरी असल्याचं इंटेलनेच मान्य केलं. म्हणजे चोरासाठी दार केव्हाच उघडं आहे. माझी हॉस्टेलची हार्ड डिस्क त्याचा पुरावा. उरलेलं कुलूप फक्त माझ्या बाबांसारख्यांसाठी आहे, जे दाराला हात लावण्याआधी बेल वाजवतात.

ज्यांच्याकडे पहिल्या पिढीतला एचडीएमआयचा प्लेअर आहे त्यांना वाटेल, आपण सुटलो. बहुतेक वेळा सुटता. पण मधूनच पडदा काळा होतो आणि घरोघरी एक मंत्र तयार झालेला असतो: आधी टीव्ही चालू करायचा, मग रिसीव्हर, शेवटी प्लेअर. हे अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांना सांगू नका, कारण हा मंत्र खरंच चालतो. तीन यंत्रांची किल्ल्यांची देवाणघेवाण एकाच साखळीत होते. रिसीव्हरला मागच्या टीव्हीची खात्रीही प्लेअरला द्यावी लागते. एक कडी वेळेवर जागी झाली नाही की साखळी तुटते. एचडीएमआयमध्ये आवाज स्वतंत्र जात नाही, तो चित्राच्या मधल्या मोकळ्या जागांमध्ये भरून पाठवला जातो. म्हणून चित्राचं बिनसलं की आवाजही गेला. किशोरीताईंचा भूप ऐकायचाय आणि अडून बसलाय कोण, तर टीव्ही.

आता मला माझ्याच वयाचे लोक काय म्हणतील ते माहीत आहे, कारण ऑफिसात जेवताना हे सगळं बोलून झालंय.

पहिला मुद्दा: एचडीएमआय चांगलंच आहे की. आहे. एका केबलमधून आठ चॅनेलचा न दाबलेला आवाज जातो, जे एस/पीडीआयएफला कधीच जमणार नाही. सहा ॲनालॉग तारांमध्ये खोलीचं कॅलिब्रेशनही बहुतेक वेळा लागू होत नाही, आवाज सरळ ॲम्प्लिफायरकडे जातो. मी एचडीएमआय काढा म्हणत नाहीये. नवा दरवाजा केला म्हणून जुना विटांनी का बुजवला, एवढंच विचारतोय. माझ्या रिसीव्हरच्या पाठीवर कोॲक्सियलचा एक जॅक बसेल एवढी जागा रिकामी आहे. मी पट्टी लावून मोजली.

दुसरा मुद्दा: स्ट्रीमिंग आहे ना. बाबांच्या कपाटातली निम्मी नाटकं मला कुठल्याही ॲपवर सापडली नाहीत. जी सापडली त्यातली एक दिवाळीत होती आणि संक्रांतीला नव्हती. आणि 'विकत घेतलेलं' डिजिटल म्हणाल तर २०२३ च्या डिसेंबरमध्ये सोनीने प्लेस्टेशनवर लोकांनी पैसे देऊन घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं होतं. बोंब झाल्यावर महिना संपायच्या आत निर्णय फिरवला. पण फिरवला नसता तर? लायब्ररीतून तुमचं पुस्तक लायब्रियन घरी येऊन घेऊन जात नाही. इथे तसं करता येतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त झोंबला, कारण तो माझ्या टीम लीडने नाही, मीच मांडला असता: इतक्या थोड्या लोकांसाठी जुनं सांभाळत बसायचं का? आमच्या धंद्यात जुनी सोय बंद करायला एक सभ्य शब्द आहे. कुठला, ओळखा. सनसेट. मागच्या वर्षी मी एका जुन्या इंटरफेसचं सनसेट केलं. चार ओळींची ईमेल पाठवली, तीन महिन्यांची मुदत दिली आणि स्प्रिंट वेळेत संपल्याबद्दल टाळ्या घेतल्या. डॅशबोर्डवर ते वापरणारे लोक एका बारीक पट्टीएवढे होते. त्या पट्टीत कुणाचे बाबा पालथे पडून टॉर्च मारत होते का, हे मी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नाही.

तर, ज्यांच्या घरी असाच प्लेअर आहे त्यांच्यासाठी, मी शेवटी काय केलं ते नीट सांगतो. बाजाराला हे सांगण्यात रस नाही, म्हणून हा परिच्छेद जरा लांबेल.

सहा जॅक विसरा. नारिंगी कोॲक्सियल शोधा. रिसीव्हरला कोॲक्सियल असेल तर थेट जोडा आणि त्यासाठी 'डिजिटल ऑडिओ केबल' म्हणून चकचकीत वेष्टनातली महागडी वस्तू घेऊ नका. या कामाला ७५ ओहमची केबल लागते आणि प्लेअरसोबत फुकट आलेली चित्राची पिवळी केबल त्याच जातीची असते. रंग वेगळा म्हणून विजेला फरक पडत नाही. रिसीव्हरला फक्त ऑप्टिकल असेल, माझ्यासारखं, तर कोॲक्सियलचं ऑप्टिकल करणारी काड्यापेटीएवढी डबी मिळते. मी पुण्यात तपकीर गल्लीतून साडेतीनशेला आणली. तिचं काम इतकं साधं आहे की लाज वाटावी: विजेचा ठोका आला की दिवा लावायचा, गेला की विझवायचा. मधले आकडे ती बदलत नाही, त्यामुळे ५.१ जसाच्या तसा पोचतो. ऑप्टिकल केबलच्या टोकावरचं पारदर्शक टोपण काढायला विसरू नका (मी विसरलो, वीस मिनिटं गेली). दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसतोय का बघा.

तरीही दोनच स्पीकर वाजले तर प्लेअरच्या सेटअपमध्ये जा. तिथे एसपीडीआयएफ आउटपुट असं काहीतरी असेल आणि पर्याय असतील ऑफ, पीसीएम आणि रॉ. पीसीएम ठेवलं तर प्लेअर सहा चॅनेलचे स्वतःच दोन करून पाठवतो. रॉ करायचं, काहींमध्ये त्याला बिटस्ट्रीम म्हणतात. रिसीव्हरच्या पट्टीवर डॉल्बी डिजिटल अशी अक्षरं आली की जिंकलात. पिवळ्याचं एचडीएमआय करून देणाऱ्या स्वस्त डब्या मात्र आवाजासाठी घेऊ नका, त्या लाल-पांढऱ्यातला स्टिरिओच पुढे ढकलतात. चित्र पिवळ्या केबलने सरळ टीव्हीला द्या. नव्या टीव्हीला पिवळा जॅक नसतो, हेडफोनसारखं एक बारीक छिद्र असतं आणि त्याची तोकडी अडॉप्टर केबल टीव्हीच्या खोक्यात येते. ते खोकं तुम्ही फेकून दिलं असणार. आमचं माळ्यावर होतं. बाबा खोकी टाकत नाहीत.

हे सगळं दुकानदार, कंपनीची हेल्पलाइन, रिसीव्हरसोबतचं माहितीपुस्तक, कुणीही सांगितलं नाही. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी म्हणून. चांगलं केलं. पण ज्याला दुरुस्तीचीच गरज नाही, फक्त जोडणी हवी आहे, त्याचं काय? मला हवं आहे ते फार मोठं नाही. विकताना खोक्यावर ठळक लिहा की कुठली जुनी वाट यात बंद केली आहे. पुस्तिकेत दोन पानं जुन्या यंत्रांच्या जोडणीला द्या. आणि आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेलं कलम ६५अ कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगताना हक्कभंगाचा हेतू असावा लागतो असं म्हणतं. आपली डिस्क आपल्या घरात ऐकण्यासाठी खटपट करणाऱ्याचा हेतू काय असतो, हे कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगावं. हा वाद वकिलांनी घालायचा, पण घालायला सुरुवात तरी करा.

डबी घेऊन मी पंधरा दिवसांनी पुन्हा साताऱ्याला गेलो. शनिवारी रात्री जेवणं लवकर उरकली. पहिल्यांदा एक गंमत झाली: भुवनच्या बॅटला चेंडू लागायच्या आधीच टोला ऐकू यायचा. जुनं चित्र मोठं करून दाखवायला टीव्हीला वेळ लागतो, आवाज मात्र रिसीव्हरकडे थेट गेलेला असतो. रिसीव्हरच्या लिप सिंकमध्ये जाऊन आवाज थोडा थोडा मागे सरकवत आणला. बाबा अंपायरसारखे बोट वर करून सांगत होते, अजून, अजून, हां.

मग मागच्या दोन स्पीकरांमधून गाव ओरडायला लागलं आणि आई खरोखरच मागे वळून बघायला लागली.

सकाळी निघताना टीव्हीपाशी गेलो तर डबीचं पुठ्ठ्याचं खोकं प्लेअरशेजारी ठेवलेलं होतं. आतल्या झाकणावर बॉलपेनने तारीख होती आणि खाली रु. ३५०.